सुकेळीच्या दिवसांत आलेली बस

थंडी सरत आली, दुपारचं ऊन पाठीला किंचित चावायला लागलं, की मला घरात बसवत नाही. मी खुर्ची ओढून गॅलरीत येते. समोर आता विरारच्या इमारती, एकीच्या अंगाला दुसरी लागलेली, आणि दोऱ्यांवर वाळणाऱ्या चादरी. ऊन मात्र तेच आहे. सुकेळीचं ऊन. तापवून काढणारंही नाही आणि नुसतं उजेडापुरतंही नाही. फळातलं पाणी सावकाश, त्याला न दुखवता काढून घेणारं.

परवा आगाशीहून भाचा सुकेळीचं पुडकं घेऊन आला. केळीच्या वाळक्या पानात गुंडाळलेलं, वर केळीच्याच सोपाच्या दोरीची गाठ. नातसुनेनं विचारलं, "आजी, हा खजूर का?" मी तिला एक तोडून दिलं. ती चघळत राहिली आणि तिचे डोळे जरा मोठे झाले. एवढं पुरे झालं मला.

सुकेळीसाठी राजेळी केळी पिकली की सोलायची आणि बांबूच्या मांडवावर उन्हात मांडायची. सूर्य कलला की उचलायची, पानांत झाकून ठेवायची, सकाळी पुन्हा मांडायची. रोज उलटायची. केळं दिवसागणिक आकसत जातं, पिवळ्याचं तांबूस होतं, मग मधासारखं. त्या दिवसांत आमच्या अंगणाला गुळाचा आणि कसल्याशा फुलांचा मिळून एक वास यायचा. गांधीलमाश्या घोंगावायच्या. आई डोक्यावर पदर घेऊन काठीनं कावळे हाकत बसायची, आणि संध्याकाळी तिची बोटं एकमेकांना चिकटायची.

अशाच एका वर्षी आमच्या मांडवावर राजेळी वाळत होती आणि गावातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. कारण काय, तर एक प्रार्थना. ती कुणी म्हणायची, आणि म्हणायची की नाही.

आमचं गाव आगाशीच्या पलीकडे, समुद्राच्या अंगाचं. हिंदूंच्या वाड्या आणि ख्रिस्ती लोकांच्या वाड्या एकमेकींना खेटून, मध्ये फक्त काटक्यांची वई, नावापुरतं कुंपण. केळी आमच्याकडे, केळी त्यांच्याकडे. मधल्या तळ्यात, बावखलाच्या पाण्यात, म्हशी दोघांच्या. बोली तेवढ्या वेगळ्या. पण त्यांची आम्हाला कळायची, आमची त्यांना. इथे मी सगळ्यांना समजेल अशा मराठीत लिहिते आहे, कानात मात्र तीच बोलणी आहेत.

आगाशीपर्यंत बस यायची. तिथून पुढे वाड्यांमधून पायवाट, आणि पावसाळ्यात त्या वाटेचा ओहोळ व्हायचा. आजारी माणसाला खाटेवर घालून न्यायचं. एका पावसाळ्यात बाळंतपणाला अडलेली आमच्या आळीतली एक बाई वाटेतच गेली. खाटेच्या एका खुराला माझे वडील होते, दुसऱ्याला बस्त्यावकाका. त्यानंतर दोघांनी रस्त्याचं मनावर घेतलं.

माझ्या वडिलांचं नाव वासू, आम्ही नाना म्हणायचो. हळू बोलणारे, पण हेका न सोडणारे. ते ज्या पक्षाचं काम करत त्याचं नाव आज सांगून उपयोग नाही, तो पक्षच उरला नाही. कसणाऱ्याला जमीन, प्रत्येकाच्या पोराला शाळा, असं मोठं मोठं बोलणारा पक्ष होता. आणि नुकतंच स्वातंत्र्य आलं होतं, तेव्हा ते मोठं बोलणं खरं वाटायचं. बस्त्यावकाका नानांचे जिवलग. वईपलीकडची ख्रिस्ती वाडी त्यांची. आवाज असा, की बावखलाच्या या काठावरून बोलले तर त्या काठावरची म्हैस मान वर करी. पक्षाच्या सभेला माणसं गोळा करायचं काम अर्थातच त्यांच्याकडे.

आणि पाद्रीबाबा. नाव फादर पेद्रू, पण आम्ही हिंदू लोक पाद्रीबाबाच म्हणायचो. मूळचे सांडोरचे, केळीच्या वाडीत वाढलेले. त्यामुळे कुणाच्याही वाडीत शिरले की एखादं वाळकं पान ओढून काढल्याशिवाय त्यांचा हात राहायचा नाही. पांढरा झगा कमरेला खोचून सायकलवरून हिंडायचे. हिवतापाच्या साथीत क्विनाइनच्या गोळ्या घेऊन ते घरोघर गेले, आमच्या आळीत आणि खाडीकडच्या आळीतसुद्धा, आणि गोळी गिळेपर्यंत समोरून हलायचे नाहीत. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, सातवी होऊन घरी बसलेली. मॅट्रिकला बाहेरून बसायचं वेड त्यांनीच माझ्या डोक्यात घातलं. चर्चच्या ओसरीवर मी त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला जायची.

रस्त्यासाठी प्रत्येकानं आपल्या वाडीची कड सोडली. कुणाची केळीची एक रांग गेली, कुणाची पानवेल. मुरूम बैलगाड्यांतून यायचा आणि बायका पाट्यांतून तो पसरायच्या. आई, बस्त्यावकाकांची बायको कत्रिनमावशी, मी, सगळ्याच. पण काम चर्चच्या नारळीच्या बागेपाशी येऊन अडलं. चर्चच्या वरच्यांकडून परवानगी येईना. शेवटी एका सकाळी पाद्रीबाबा स्वतः कोयता घेऊन आले आणि त्यांनी चर्चची वई तोडायला सुरुवात केली. नाना घाबरले. "फादर, परवानगी?"

"परवानगी वाटेत आहे," पाद्रीबाबा म्हणाले. "तोवर आपणही वाटेला लागू."

आणि ह्याच माणसानं पहिल्या मोठ्या निवडणुकीच्या आदल्या रविवारी मिस्सेत, चर्चमधल्या प्रार्थनेत, सांगितलं, की ज्यांना देव नको आहे त्यांना मत देताना दहादा विचार करा. नाव कुणाचं घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. आमच्या पक्षाच्या कुणा मुंबईच्या वक्त्यानं धर्माविरुद्ध काहीतरी जोरात बोलून ठेवलं होतं, ते त्यांच्या कानावर गेलं होतं आणि ते मनापासून घाबरले होते. हे मला आज समजतं. तेव्हा आम्हाला फक्त राग आला.

बस्त्यावकाका पुढच्या बाकावर बसले होते, सदऱ्याला पक्षाचा बिल्ला लावून. ते उठले आणि भर प्रवचनातून चालू लागले. असं कुणी कधी केलं नव्हतं. कत्रिनमावशी चर्चला देऊळच म्हणायची. नंतर ती आईला सांगत होती, "बायो, त्याच्या चपला अशा वाजल्या, की मना वाटलं देऊळ पडतं."

आमचा माणूस पडला. ख्रिस्ती वाड्यांतली मतं फिरली म्हणून पडला असं सगळे म्हणायचे. त्यावर काही दिवस गेले आणि बस्त्यावकाकांच्या भाच्याला मुलगा झाला. काकांनी त्याचा धर्मबाप व्हायचं हे तो जन्मायच्या आधीपासून ठरलेलं. पण पाद्रीबाबांनी निरोप पाठवला: भर मिस्सेतून उठून गेलेला माणूस बाप्तिस्म्याला बाळ हातात कसा धरणार? दुसरं कुणी बघा.

दुसरं कुणी बघितलं. त्या दिवशी काका आपल्या रहाटाच्या चाकाला तेल देत बसले होते. चाक कधीचं गुळगुळीत फिरत होतं. मी वईपाशी उभी होते, मला बघून म्हणाले, "सुशी, तुझ्या पाद्रीबाबाला सांग, बाळ काळंसावळं आहे. माझ्यासारखं." आणि पुन्हा तेल घालायला लागले.

तर असा रस्ता पुरा झाला. बस यायचा दिवस ठरला. चर्चच्या वळणावर मांडव घालायचा ठरला. नाना रस्त्याच्या कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी सहज सांगून टाकलं, की भटजी नारळ फोडतील आणि पाद्रीबाबा प्रार्थना म्हणतील. आणि गाव पेटलं.

गंमत अशी, की भांडण हिंदू आणि ख्रिस्ती असं नव्हतंच. पक्षातली म्हातारी हिंदू माणसं म्हणत होती, पाद्रीबाबांविना रस्ता झाला नसता, त्यांना बोलवायलाच हवं. आणि पक्षातली ख्रिस्ती तरुण मुलं, त्यांच्याच हातचं पाणी डोक्यावर पडून मोठी झालेली, ती म्हणत होती, ज्यानं आपल्याला पाडलं त्याला आपल्याच मांडवात उभा करणार? कुणी नानांना तोंडावर म्हणालं, "तुमची सुशी त्याच्याकडे इंग्रजी शिकते, म्हणून तुम्हाला पुळका." त्या संध्याकाळी मी नानांना विचारलं, शिकवणी सोडू का. नाना पाय धुत होते. म्हणाले, "मतं वेगळी, व्याकरण वेगळं. जा तू."

बस्त्यावकाकांशी नानांचं बोलणं वईवरूनच झालं. मी मांडवावरची केळी उलटत होते.

"वासू, तो मांडवात चढला तर मी येणार नाही."

"रस्ता त्याच्याशिवाय झाला असता?"

"नाही."

"मग?"

"मग काय? रस्ता त्याच्यामुळे झाला, मी नाही म्हणतच नाही. पण भाच्याचं पोर माझं होतं की नव्हतं?"

नाना वईपासून मागे फिरले.  दरवर्षी थंडी संपताना दोन्ही घरांची मिळून उकडहंडी व्हायची. आमच्या वाडीतला कोनफळाचा कंद, त्यांच्या वालाच्या शेंगा, रताळी, सगळं एका मडक्यात. त्या वर्षी मडकं माळ्यावरून खाली आलं नाही. वई होती तेवढीच होती, पण अलीकडून पलीकडे हाक जाईना. 

मग एका दुपारी पाद्रीबाबाच आले. सायकल आंब्याला टेकवली, आमच्या केळीचं एक वाळकं पान ओढलं आणि ओटीवर बसले. आईनं पाणी दिलं.

"वासूभाऊ, मी येत नाही त्या दिवशी," ते म्हणाले. "बस येऊ द्या. प्रार्थना मी माझ्या खोलीत म्हणेन. देवाला मांडव लागत नाही."

नाना म्हणाले, "फादर, स्पष्ट विचारतो. तुम्ही बोललात त्याचं तुम्हाला वाईट वाटतं?"

"नाही. जे मला खरं वाटलं ते बोललो. आजही बोलेन." मग त्यांनी हातातल्या पानाच्या चिंध्या केल्या. "बाळाचं जे केलं, त्याचं वाटतं. तिथे मी रागात होतो."

"मग हे त्याला जाऊन सांगा."

"गेलो होतो. त्याचा कुत्रा भेटायला आला. तो नाही आला."

आई पटकन आत गेली. ती हसत होती की डोळे पुसत होती, मला दिसलं नाही.

समारंभाच्या आधी मुंबईहून पक्षाचे एक पुढारी हे भांडण मिटवायला आले. तरुण, चष्मा लावणारे, अतिशय शुद्ध बोलणारे. आमच्या अंगणात सभा भरली. दिवस मावळायला अवकाश होता, मांडवावर केळी अजून होती. आई आणि मी ती उचलत होतो. बस्त्यावकाका आले होते, पण ओटीवर न चढता खाली पायरीशी उभे. पुढारी बराच वेळ बोलले. शेवटी म्हणाले, "ह्या झगेवाल्यांना आणि शेंडीवाल्यांना एकदाच त्यांची जागा दाखवायला हवी. लोकांच्या अज्ञानावर पोसलेली ही माणसं. तुमचा हा पाद्री कुणाचं खातो आणि कुणाचं गातो, ते तपासा जरा."

तरुण मुलांनी टाळ्या वाजवल्या. आणि पायरीपासून तो आवाज आला, बावखलापलीकडे जाणारा.

"ओ साहेब."

टाळ्या थांबल्या.

"माझी आई हिवतापात भ्रमिष्टासारखी बरळत होती, तेव्हा तो तिच्या उशाशी बसला होता. ह्या पोरांच्या आयांच्याही. तो काय खातो ते आम्हाला ठाऊक आहे, कारण आमच्याच घरून जातं. माझं त्याच्याशी भांडण आहे, आणि मरेपर्यंत भांडेन. पण ते भांडण माझं आहे. बाहेरच्यानं त्यात हात घालायचा नाही."

"अहो, पण तुम्हीच तर त्याच्या विरोधात..." पुढारी गोंधळले.

"आहेच. म्हणून सांगतो. तो मांडवात येणार, प्रार्थना म्हणणार. आणि मी त्याच्याकडे पाठ करून उभा राहणार. दोन्ही होणार."

नाना हळूच म्हणाले, "बस्त्याव, तो स्वतःच नाही म्हणाला आहे."

"नाही म्हणायला त्याला विचारलं कोणी?"

पुढारी उठले. असल्या समारंभाला आपण येणार नाही, पक्षातून कुणीही येणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. तेव्हा माझी आई, जी आजवर कुठल्या सभेत बोलली नव्हती, केळ्यांची पाटी कमरेवर घेऊन म्हणाली, "पण बस येणार ना? मग झालं."

दुसऱ्या दिवशी शिकवणीला गेल्यावर मी पाद्रीबाबांना निरोप सांगितला. त्यांनी पुस्तक मिटलं. "काय म्हणाला, जसंच्या तसं सांग." मी सांगितलं. पाठ करून उभा राहणार, हेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि झग्याच्या टोकानं तो बराच वेळ पुसला. "पाठ करणार म्हणाला?" "हो." "मग येतो," ते म्हणाले, आणि पुस्तक उघडून मला विचारलं, कालचं कुठल्या ओळीवर राहिलं होतं.

बसचा दिवस म्हटला की मला आधी तिचा आवाज आठवतो. केळींच्या मागून येणारा, दिसायच्या आधी ऐकू येणारा, आणि म्हशींनी सोडवून घेतलेले दोर. तांबडी बस वळणावर आली तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले. कत्रिनमावशीनं लाल चौकड्यांचं नवं लुगडं नेसलं होतं. भटजींनी नारळ फोडला. ड्रायव्हर घाटावरचा होता, त्यानं खाली उतरून खोबऱ्याचा तुकडा कपाळाला लावला. मग पाद्रीबाबा पुढे झाले.

आणि बस्त्यावकाका, पहिल्या रांगेत, सगळ्यांच्या देखत, वळले आणि पाठ करून उभे राहिले. हात मागे बांधलेले, नजर समोरच्या नारळीवर.  पाद्रीबाबांनी त्या रुंद पाठीकडे एकदा पाहिलं आणि प्रार्थना सुरू केली. आधी लॅटिनमध्ये, मग मराठीत. ह्या वाटेनं जाणाऱ्या आजाऱ्यांसाठी, माहेरी येणाऱ्या मुलींसाठी, माल नेणाऱ्यांसाठी, आणि ही वाट व्हायच्या आधी वाटेत गेली तिच्यासाठी. बायकांमध्ये कुणीतरी हुंदका दिला. प्रार्थना संपली, आणि सगळ्यांत पहिलं, सगळ्यांत मोठं "आमेन" त्या पाठमोऱ्या माणसाच्या तोंडून आलं.

लहानपणापासूनची सवय. त्यांना स्वतःलाही कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले. कुणीतरी फिस्स केलं, आणि मग सगळा मांडव हसला, पाद्रीबाबासुद्धा. काका वळले नाहीत, पण त्यांचे खांदे हलत होते.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. पक्षाची आमच्याकडची शाखा दुभंगली ती दुभंगलीच. मांडवात न आलेल्या मुलांनी आपली वेगळी चूल मांडली, शाखेतलं नानांचं अध्यक्षपद गेलं, आणि काहीजण नानांच्या शेवटच्या आजारपणापर्यंत घरी आले नाहीत. नाना त्याबद्दल कधी बोलले नाहीत. मी मॅट्रिक झाले, आगाशीच्या शाळेत लागले, त्याच बसनं जायची. आणि ज्या मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांच्या मुली माझ्या वर्गात इंग्रजी शिकल्या.

पण त्या दिवसाचं अजून राहिलं आहे. बसमध्ये चढायला झुंबड उडाली. ड्रायव्हर सगळ्यांना आगाशीपर्यंत एक फेरी मारून आणणार होता. काका खिडकीपाशी जागा धरून बसले. पाद्रीबाबा खाली सायकलीला धरून उभे. काका त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "फादर, चढायचं तर चढा. उभं राहावं लागेल."

पाद्रीबाबा चढले. दांडा धरून काकांच्या अगदी शेजारी उभे राहिले. बस प्रत्येक वळणावर झुलायची आणि ते त्यांच्यावर आदळायचे. कत्रिनमावशी मागून नवऱ्याला कोपरानं ढोसत होती, "ऊठ की, फादर उभे आहेत!" काका ढिम्म. अर्ध्या वाटेवर पाद्रीबाबा वाकून म्हणाले, बसच्या घरघरीत ऐकू जावं म्हणून मोठ्यानं, म्हणजे ते आम्हा सगळ्यांनाच ऐकू आलं, "बस्त्याव, बाळाच्या बाबतीत मी चुकलो. मिस्सेत नाही. बाळाच्या बाबतीत."

काका आगाशी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. 

परतताना ते आधी चढले, त्याच जागेवर बसले, आणि पाद्रीबाबा जवळ येताच उठून उभे राहिले. "बसा."

"नको. तू बस."

"मी तुम्हाला सांगितलं ना, बसा!"

"मला उभं राहायला आवडतं."

"जाताना उभे होता ते पुरे झालं."

"ते मी मोजत नाही."

दोघेही बसेनात. खचाखच भरलेल्या बसमध्ये ती एकच जागा रिकामी, आणि तिच्या दोन बाजूंना ते दोघे दांडा धरून एकमेकांवर ओरडत होते, जसं त्या भांडणाच्या आधी ओरडायचे. नाना हसत होते. तेवढ्यात माझी आई दोघांच्या मधून वाट काढत आली. म्हणाली, "तुमचं चालू द्या," आणि त्या जागेवर बसली.

बस वाड्यांत शिरली. खिडकी दोन्हीकडच्या वईच्या वर होती. आयुष्यभर आई त्या वाटेनं पायी गेली होती, दोन्ही बाजूंच्या काटक्यांमधून, डोक्यावर काही ना काही घेऊन. आता तिला पलीकडचं सगळं एकदम दिसत होतं. केळींच्या रांगांमागून रांगा, पानवेली, बावखलाचं पाणी, आमची वाडी, त्यांची वाडी, कुठे कुणाची संपते ते कळत नव्हतं. तिनं गजांना धरलं आणि मान न वळवता मला विचारलं, "सुशी, हे सगळं आपल्याकडचंच का गं?"